ब्रेकचा झोपाळा

वेल्डरबाई साबणाच्या एका कारखान्याचं फाटक बसवायला गेल्या आणि परत आल्या त्या डोक्यात भलतंच काही घेऊन.

फाटक तसं दोन तासांतच बसलं होतं. बिजागऱ्यांना ग्रीस लावून, दोन्ही दारं चार वेळा उघडून-मिटून दाखवून त्या निघायच्या बेतात होत्या. एवढ्यात कारखान्याच्या मालकीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या उन्हात राबलात, आत येऊन हात तरी धुवा. साबणाची काही कमी नाही इथे."

वेल्डरबाई आत गेल्या. लांबच लांब टेबलावर पांढऱ्या वड्या ओळीनं सरकत होत्या आणि दोघीजणी त्या कागदात गुंडाळत होत्या. नऊ वड्या एका खोक्यात जात, दहावी शेजारच्या निळ्या खोक्यात. पुन्हा नऊ, पुन्हा एक. वेल्डरबाई ओले हात तसेच धरून बघत राहिल्या.

"हे निळ्या खोक्यातले खराब निघालेले का?"

"खराब निघालेले मी वापरते," मालकीणबाई म्हणाल्या. "माझ्या घरात गेल्या सात वर्षांत एक धड चौकोनी साबण आलेला नाही. हे निळ्यातले बाळंतिणींच्या वॉर्डात जातात, सरकारी दवाखान्यात. फुकट."

"म्हणजे नफ्यातून देता."

"छे! नफ्यातून द्यायचं म्हटलं की नफा कधी उरतच नाही. दहावा साबण आधीच नवांच्या किमतीत बसवलाय मी. तेल, कागद, मजुरी, वीज, तसाच तो. आणि नफा वेगळा, तो मी घेते. चांगला घेते! मी बुडाले तर निळं खोकंही बुडेल ना?" आणि त्या खळखळून हसल्या.

त्या हसण्यानंच घात केला. वेल्डरबाईंनी आयुष्यात बरेच कारखानदार पाहिले होते. कपाळाला आठ्या असलेले पाहिले होते, पोटाला वळ्या असलेले पाहिले होते. पण कामाच्या वेळी, भर दुपारी, स्वतःच्या धंद्याबद्दल बोलताना हसणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं.

आता वेल्डरबाईंचंही सांगायला हवं. वय वर्षं अठ्ठेचाळीस. वडिलांची फॅब्रिकेशनची शेड त्यांनी पंचविसाव्या वर्षी हातात घेतली. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, जिन्याचे कठडे. काम चोख, बोलणं सडेतोड, वेल्ड असा की घासून काढल्यावर जोड सापडू नये. पण गेली दोन-तीन वर्षं त्यांचं मन उडालं होतं. सकाळी शेडचं शटर वर सारताना जांभई यायची. जाळी म्हणजे जाळी, फाटक म्हणजे फाटक. चोर बाहेर ठेवायचा आणि माणूस आत. ह्यापलीकडे लोखंडाला काही काम आहे की नाही, असं त्यांना वाटू लागलं होतं.

परतीच्या वाटेवर टेम्पोत त्यांनी काकांना सगळं सांगितलं. काका म्हणजे शेडमधले फिटर, वडिलांच्या वेळचे. वेल्डरबाईंना त्यांनी दोन वेण्यांत पाहिलेलं, त्यामुळे खूश असले की "पोरी" म्हणत आणि रागावले की "बाई".

"श्रीमंतांचे चोचले आहेत, बाई," काका म्हणाले.

"अहो काका, तिच्याकडे दोन गाड्या आहेत! देऊनसुद्धा!"

"मग एक गाडी दे म्हणावं. साबण काय देते!"

पण वेल्डरबाईंच्या अंगात वारं शिरलं होतं. मालकीणबाईंनी निघताना त्यांना एका लाँड्रीचा पत्ता दिला होता. "माझ्यासारखंच एक वेड आहे तिथे, बघून या." दुसऱ्याच दिवशी नवऱ्याचे दोन शर्ट पिशवीत टाकून त्या तिथे हजर.

लाँड्रीवाल्याच्या दुकानात पाटी होती: 'नोकरीच्या मुलाखतीचे कपडे धुऊन इस्त्री करून मिळतील. पैसे नकोत. पत्र दाखवा.'

"परवडतं का हो तुम्हाला?" वेल्डरबाईंनी सरळच विचारलं.

लाँड्रीवाल्यानं इस्त्री उभी केली. "ताई, नोकरी लागल्यावर तो माणूस रोज कडक इस्त्रीचा शर्ट घालणार की नाही? आणि तो इस्त्रीला कुठे टाकणार? त्या समोरच्याकडे?" त्यानं समोरच्या लाँड्रीकडे असा काही हात केला की तिचा दिवा विझल्यासारखा वाटला. "आणि एक सांगू? पास झालेला माणूस पेढेवाल्याकडे नंतर जातो, आधी इथे येतो. 'लागली!' म्हणून ओरडतो. महिन्यातून तीन-चार वेळा हे होतं. वाफेत उभं राहून माझं अर्धं आयुष्य गेलं, पण ते 'लागली!' ऐकलं ना, की..." आणि त्यानं वेल्डरबाईंच्या नवऱ्याच्या शर्टाच्या कॉलरवर फट्‌कन पाणी शिंपडलं.

सगळीकडे असंच निघालं असं मात्र नाही. गाद्यांच्या एका दुकानाबाहेर मोठा फलक होता, दर गादीमागे एक उशी गरजूंना. वेल्डरबाई आत शिरल्या आणि उशा कुठे जातात विचारलं. विक्रेत्यानं मॅनेजरकडे बोट दाखवलं, मॅनेजरनं छताकडे. "वरून होतं ते सगळं," तो म्हणाला. वेल्डरबाईंनी छताकडे पाहिलं. तिथे पंखा होता. बाहेर पडताना त्यांनी ठरवलं, आपण जे काही देऊ ते आपल्या हातानं नेऊन देऊ. आणि मग रस्त्यातच त्यांच्या लक्षात आलं की आपण काहीतरी द्यायचं ठरवूनच टाकलंय! त्या एकट्याच हसल्या. फळवाल्यानं वळून पाहिलं.

प्रश्न एकच उरला. द्यायचं काय?

"फाटक दे," मास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, शाळेत चित्रकला शिकवायचे. "ज्याला घरच नाही त्याला एक सुंदर फाटक दे. निदान उघड-मीट करत बसेल."

"चेष्टा नको हो."

"मग खिडकीची जाळी?"

"तुमच्याच तोंडाला बसवते थांबा."

चार दिवस त्यांच्या डोक्यात भुंगा फिरत होता. पाचव्या दिवशी शेडमध्ये जड वस्तू उचलायच्या साखळीला एक फळी अडकवलेली होती. वेल्डरबाई मोजपट्टी हातात घेऊन विचार करता करता त्या फळीवर टेकल्या. पाय जमिनीवरून सुटले. फळी मागे गेली, पुढे आली. त्यांनी नकळत पाय ताणले, मग दुमडले. साखळी कुरकुरली. वरचे पत्रे एकदा जवळ आले, एकदा लांब गेले, पोटात कसंसंच झालं आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या वेल्डरबाईंच्या तोंडून "ई-ई-ई!" असा आवाज निघाला.

काकांच्या हातातला पाना खाली पडला. "बाई, उतरा! वय काय तुमचं?"

"झोपाळा, काका!" वेल्डरबाई येता-जाता ओरडत होत्या. "दहा कामांमागे... एक झोपाळा! फुकट! उरलेल्या पाइपांचा!"

"डोकं फिरलं पोरीचं," काका म्हणाले. पण बाई म्हणायच्याऐवजी पोरी म्हणाले, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही.

साबणाच्या मालकीणबाईंचा धडा त्यांनी जसाच्या तसा गिरवला. प्रत्येक कामाच्या दरात थोडी वाढ केली आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगून टाकलं, ही वाढ झोपाळ्याची. एकजण भडकला, "माझ्या पैशानं पुण्य तुम्ही कमावणार?" तर म्हणाल्या, "अर्धं तुमच्या नावावर लिहिते. पूर्ण हवं असेल तर दोन फाटकं करून घ्या." तो हसला आणि त्यानं गच्चीचं दारही करून घेतलं. दोन गिऱ्हाइकं तुटली, हेही खरं. पण दोन महिन्यांत दहा कामं झाली आणि पहिला झोपाळा उभा राहिला. चार पायांवर भक्कम, निळ्या रंगाचा, दोघांना ऐसपैस बसता येईल असा.

तो न्यायचा कुठे, हे वेल्डरबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. गावाच्या कडेला एक वृद्धाश्रम होता. तिथल्या जिन्याचे कठडे त्यांनीच केले होते. कठडे बसवताना तिथलं अंगण त्यांच्या नजरेत भरलं होतं. एका रांगेत मांडलेल्या खुर्च्या, सगळ्या भिंतीकडे पाठ केलेल्या, आणि समोर बघायला काही नाही.

व्यवस्थापक किडकिडीत आणि काळजीखोर गृहस्थ होते. सगळ्या अडचणी त्यांना आधीच दिसत. "झोपाळा? आणि कोणी पडलं-झडलं म्हणजे?"

"नातवंडं भेटायला येतात, त्यांना होईल," वेल्डरबाईंनी पटकन सुचवलं.

"नातवंडांसाठी असेल तर ठेवा," व्यवस्थापक नाइलाजानं म्हणाले.

गुरुवारी सकाळी झोपाळा अंगणात बसला. सगळे आजी-आजोबा भिंतीशी बसून टकामका बघत होते. कोणी जागचं हलेना. बघता बघता एक काठी टकटक करत पुढे आली. त्या होत्या हेडबाई, कुठल्याशा शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी झोपाळ्याभोवती एक फेरी मारली, वेल्डच्या जोडांवरून बोट फिरवलं, बोट धुळीसाठी तपासलं आणि काठी वेल्डरबाईंच्या हातात दिली.

"धरा."

त्या बसल्या. काकांनी मागून हलकासा धक्का दिला. एक झोका झाला. दुसरा झाला. हेडबाईंचा चेहरा अजून परीक्षा घेत असल्यासारखाच होता. तिसऱ्याला त्यांच्या डाव्या पायातली चप्पल सुटली आणि हवेतून जाऊन अंगणातल्या टेबलावर ठेवलेल्या व्यवस्थापकांच्या वहीवर पडली. हेडबाई हसल्या. आधी फिस्सकन, मग खुदूखुदू, मग असं की त्यांना श्वास पुरेना. "थांबवा," म्हणत होत्या आणि मध्येच "नका थांबवू!" म्हणत होत्या. भिंतीशी बसलेल्या खुर्च्या एकेक करून पुढे सरकू लागल्या. कोण आधी बसणार यावरून दोन आजींचं वाजलं. ज्या आजोबांना भेटायला वर्षभर कोणी आलं नव्हतं, ते रांग लावायला पुढे झाले.

पण उतरताना घोळ झाला. झोपाळा पूर्ण थांबेपर्यंत हेडबाईंना दम धरवेना, त्यांनी पाय टेकवला, सीट मागून आली आणि त्या जवळजवळ तोंडावर पडल्या. वेल्डरबाईंनी झेप घेऊन धरलं म्हणून निभावलं. हेडबाई अजून हसतच होत्या. पण व्यवस्थापकांच्या चेहऱ्याचा रंग पार उडाला. अर्ध्या तासात झोपाळ्याभोवती दोरी आली आणि दोरीला कागद लटकला: 'फक्त बारा वर्षांखालील.'

वेल्डरबाईंनी तो कागद वाचला. एवढा आटापिटा करून आपण भिंतीशी बसलेल्या माणसांना आणखी एक गोष्ट लांबून बघायला आणून दिली. 'सांगत होतो' असं काका म्हणाले नाहीत, ह्याचंच जास्त वाईट वाटलं.

हत्यारं गोळा करत असताना मागून खणखणीत आवाज आला. "गाडीला ब्रेक कुठाय?"

बोलणारे एक आजोबा होते, जाड मिशीचे, गुडघे वाकलेले. छत्तीस वर्षं त्यांनी बस चालवली होती आणि आश्रमात त्यांना सगळे ड्रायव्हरसाहेब म्हणत.

"झोपाळ्याला कुठे ब्रेक असतो, साहेब?"

"का नसतो? हलतंय ना? मग ब्रेक पाहिजे. पॅसेंजर चढताना आणि उतरताना गाडी उभी पाहिजे, हा पहिला नियम. तुम्ही बिनब्रेकची गाडी रस्त्यावर आणलीत आणि वर मलाच विचारता!"

वेल्डरबाई खाली बसल्या, तिथेच, मातीत, आणि ग्रीसच्या बोटानं जमिनीवर रेघा ओढू लागल्या. ड्रायव्हरसाहेब गुडघे धरत धरत शेजारी टेकले. "पेडल उजव्या पायाला," ते म्हणाले. "डाव्याला दिलंत तर मी बसणार नाही."

पुढचे दहा दिवस शेडमध्ये जो गोंधळ चालला होता त्याला तोड नव्हती. मास्तर शाळेतून आले की कागद पसरून बसत. सीटखाली एक वाकवलेली लोखंडी पट्टी, पायाशी पेडल. पेडल दाबलं की रबराचा ठोकळा पट्टीला घासतो आणि झोपाळा हळू होतो. पुरतं दाबलं की ते तिथेच अडकतं आणि सीट खुर्चीसारखी घट्ट उभी राहते. पहिल्या खेपेला ब्रेक एवढा जोरात लागला की मास्तर पुढे उडून वाळूच्या गोणीवर पडले. दुसऱ्या खेपेला लागलाच नाही. तिसऱ्या खेपेला ब्रेक दाबला की असा आवाज येई जसं कोणी मांजरावर पाय दिलाय. वेल्डरबाई सकाळी सातलाच शेडवर येऊ लागल्या. जांभई कुठल्या कुठे पळाली होती. एकदा तर वेल्डिंगची काळी काच कपाळावर तशीच ठेवून त्या काकांशी बोलत घरापर्यंत चालत आल्या.

अकराव्या दिवशी नवा झोपाळा घेऊन मंडळी आश्रमात गेली. दोन्ही बाजूंना हात ठेवायला दांडे, पाठ उंच, सीट बुटकी, आणि पायाशी लाल रंगवलेलं पेडल. व्यवस्थापक हाताची घडी घालून उभे होते. ड्रायव्हरसाहेब बसले. त्यांनी समोर पाहिलं, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पेडल सोडलं. झोपाळा निघाला. चांगला उंच गेला. मग त्यांनी पायानं नुसता इशारा केला आणि तो गपकन नाही, धक्क्यानं नाही, मऊसूत थांबला.

"उतरा, स्टॉप आला," ड्रायव्हरसाहेब स्वतःलाच म्हणाले आणि उतरले.

टाळ्या कोणी आधी वाजवल्या कळलं नाही. व्यवस्थापकांना बसवण्यात आलं. ते नको नको म्हणत बसले आणि सात मिनिटं उठले नाहीत. सात मिनिटं हेडबाईंनी घड्याळ लावून मोजली होती, कारण पुढचा नंबर त्यांचा होता.

त्या रविवारी कोणाला तरी भेटायला आलेल्या एका बाईंनी वेल्डरबाईंचा पत्ता शोधून काढला. त्या शेडमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "तो ब्रेकचा झोपाळा विकत मिळेल का? माझ्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दिवसभर माझ्यावर ओरडतात. झोक्यावर बसून ओरडतील, तेवढाच आवाज लांब-जवळ होईल."

वेल्डरबाईंनी काकांकडे पाहिलं, काकांनी वेल्डरबाईंकडे. विकायचा, हे दोघांच्या ध्यानीमनीही नव्हतं!

सासूबाईंना झोपाळा एवढा आवडला की त्यांनी त्यांच्या तीन मैत्रिणींना बोलावून बसवलं. त्या तिघींच्या घरून तीन मागण्या आल्या. मग एका गृहसंकुलाची आली, एका दवाखान्याची आली. वेल्डरबाईंनी किंमत ठरवली ती व्यवस्थित, स्वतःच्या नफ्यासकट आणि दहाव्या झोपाळ्यासकट. दोन नवे कामगार ठेवले. फाटकांची कामं काकांच्या हाताखाली गेली. आणि दर महिन्याला वेल्डरबाई आश्रमात जाऊन बसत, कारण नवीन काही केलं की तपासणी तिथेच होई. ही तपासणी म्हणजे अग्निपरीक्षा. एका आजींनी सांगितलं, काठी ठेवायला जागा नाही, पडते. काठीसाठी खाच झाली. दुसऱ्या म्हणाल्या, लोकरीचा गुंडा खाली घरंगळतो. सीटशेजारी तबक आलं. हेडबाई प्रत्येक नमुन्याला दहापैकी गुण देत आणि साताच्या वर कधी गेल्या नाहीत.

अशात एक मोठे व्यापारी शेडमध्ये आले. फर्निचरची त्यांची पाच दुकानं होती. चकचकीत बूट लोखंडाच्या किसातून जपत जपत टाकत ते आत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "तुम्ही कराल तितके झोपाळे मी उचलतो. वर्षाचा करार. फक्त ते दहावा फुकट वगैरे प्रकरण बंद करा. तेवढी किंमत उतरवा, दहावाही मला द्या. धंद्यात भावना आणू नये."

आकडा मोठा होता. एवढ्या पैशात नवी शेड झाली असती, नवी मशीन आली असती. वेल्डरबाई लगेच नाही म्हणाल्या नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्या म्हणाल्या, "करारावर सही करण्याआधी माल चालतो कसा ते तर बघा. चला."

आणि त्या व्यापाऱ्यांना थेट आश्रमात घेऊन गेल्या. तिथे त्या दिवशी काठीच्या नव्या खाचेवरून जोरदार चर्चा चालली होती. खाच उजवीकडे की डावीकडे? ड्रायव्हरसाहेब उभे राहून भाषण करत होते. व्यापारी ऐकत राहिले.

हेडबाईंनी त्यांना जवळ बोलावलं. "तुम्ही कोण?"

"मी हे झोपाळे विकायला घेणार आहे, आजी. दहावासुद्धा."

"ब्रेक कोणी सुचवला माहीत आहे?"

"कंपनीनं?"

"ह्यांनी," हेडबाईंनी ड्रायव्हरसाहेबांकडे बोट केलं. "उंच पाठ? त्या कोपऱ्यातल्या. तबक? ह्या. फुकटच्या झोपाळ्यावर बसून सुचवलंय सगळं. आता दहावा तुम्ही नेलात, तर अकरावा सुधारून कोण देणार?"

वेल्डरबाई तर चकितच झाल्या. जे त्यांना महिनाभर जाणवत होतं पण सांगता येत नव्हतं, ते हेडबाईंनी फळ्यावर लिहिल्यासारखं मांडलं होतं. देणं आणि कमावणं ह्यांची दोन वेगळी दुकानं आहेत, असं त्या आजवर समजत होत्या. इथे तर एकाच गल्ल्यावर दोन्ही चाललं होतं!

"नऊच मिळतील, साहेब," वेल्डरबाई म्हणाल्या. "भाव हाच. आणि दहाव्याची गोष्ट तुमच्या दुकानात तुम्ही सांगायची. पण खरी सांगायची. कोणी विचारलं कुठे जातो, तर छताकडे बोट दाखवायचं नाही."

"छताकडे?" व्यापाऱ्यांना काही कळलं नाही. पण तेवढ्यात दोन आजींनी त्यांना हाताला धरून झोपाळ्यावर बसवलं, आणि ते उतरले तेव्हा केस विस्कटलेले होते, चेहरा लाल झाला होता आणि करार नवांचा ठरला होता. भाव मात्र त्यांनी थोडा पाडूनच घेतला. शेवटी व्यापारी तो व्यापारी.

वर्षभरात सहा झोपाळे दान गेले. सहाव्याचं एवढं सांगायलाच हवं. चालू न शकणाऱ्या मुलांची एक शाळा होती. तिथल्या बाईंनी विचारलं होतं, खुर्चीसकट बसता येईल असं काही होईल का? मास्तरांनी अकरा चित्रं काढली. बारावं जमलं. सीटच्या जागी सपाट फलाट, चढायला उतार, चाकाची खुर्ची आत गेली की दोन्हीकडून कड्या लागायच्या.

पहिली चढली ती नऊ वर्षांची एक मुलगी, दोन दात पडलेली. काकांनी कड्या स्वतः लावल्या, तीन-तीनदा ओढून पाहिल्या, मग फलाट हलकेच ढकलला. मुलीचे डोळे मोठे झाले. तिनं दोन्ही हात वर केले.

"जोरात!"

काकांनी जरा जोरात ढकललं.

"आणखी जोरात! आजोबा, जेवला नाहीत का?"

सगळं अंगण हसलं. काका, ज्यांनी साबणाला नाक मुरडलं होतं, ते शर्टाच्या बाह्या वर सारून धावत येऊन ढकलू लागले. मुलीचं ओरडणं ऐकून वर्गांतल्या खुर्च्या एकामागून एक दाराकडे वळल्या आणि उतारापाशी चाकाला चाक लागलं. शाळेच्या बाई म्हणत होत्या, आता गणिताचा तास आहे, पण त्यांचं कोणी ऐकत नव्हतं आणि त्यांनाही ऐकवायचं नव्हतं. वेल्डरबाई हसता हसता खाली बसल्या. पोट दुखायला लागलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसू थांबेना.

"अगं, ऊठ," मास्तर म्हणाले, "लोक बघताहेत."

"बघू देत!" वेल्डरबाई म्हणाल्या. "अहो, ती बघा, ती बघा कशी जातेय वर!"